हातचा गियर कीं आपोआप गियर?

मोटारींच्या शर्यतीची वार्ता आपल्या कानीं येते ती बहुधा आंकड्यांच्या रूपानें. अमुक गाडी ताशी इतके मैल धांवली, अमुक चालकानें तमुक विक्रम मोडला, एवढें ऐकून आपण समाधान पावतों. परंतु इंजिनाच्या पोटांत निर्माण झालेली शक्ति चाकांपर्यंत कोणत्या वाटेनें पोंचते, आणि त्या वाटेवरचा नाकेदार कोण, मनुष्य कीं यंत्र, हें विचारण्याचें फारसें कोणाच्या मनांत येत नाहीं. शर्यतीच्या जगांत मात्र या प्रश्नावर शंभर वर्षांहून अधिक काळ वाद चालला, त्यापायीं पैसा खर्ची पडला, आणि या वादाशीं गुंतलेल्या शर्यती सुरूं करण्याच्या पद्धतींत मनुष्यांचे प्राणहि गेले. आज मला त्याचा इतिहास सांगावयाचा आहे.

बोरघाट चढतांना ज्यांनीं मोटार हांकली असेल त्यांना गियरचें प्रयोजन समजावून सांगावयास नको. पेट्रोलचें इंजिन हें मोठें मानी यंत्र आहे. वाफेचें इंजिन उभ्या जागेवरून पूर्ण जोरानें ओढूं शकतें. पेट्रोलच्या इंजिनाला तें साधत नाहीं. मिनिटास कांहीं हजार फेरे घेत असतांनाच तें आपलें खरें बळ दाखवितें, आणि फेरे फार कमी झाले कीं गुदमरून बंद पडतें. म्हणून इंजिन आणि चाकें यांच्यामध्यें दांत्यांच्या लहानमोठ्या चाकांची एक पेटी बसवावी लागते, आणि ती पेटी व इंजिन यांचा संबंध क्षणभर तोडणारा क्लच नांवाचा मध्यस्थ ठेवावा लागतो. डाव्या पायानें क्लच दाबावयाचा, हातानें दांडा सरकवावयाचा, उजव्या पायानें इंजिनाचे फेरे जमवावयाचे आणि मग क्लच हळूच सोडावयाचा, ही चौघडीची कसरत जो सफाईनें करी तो चांगला चालक, अशी पूर्वीची व्याख्या होती.

या पेटीचा प्रसार केला तो फ्रान्समध्यें एमील लेव्हासोर यानें. पानार आणि लेव्हासोर या कारखान्याच्या १८९१ सालच्या सुमाराच्या गाडींत सरकत्या दांत्यांचे गियर होते. फिरत्या चाकांचे दांते एकमेकांत घुसविणें हा प्रकार रानटीच. मोठा खडखडाट होई, दांते झिजत. पद्धत ओबडधोबड खरी, पण ती चालते, असें लेव्हासोर स्वतःच म्हणे अशी आख्यायिका आहे. १८९५ सालीं पॅरिसहून बोर्दोस जाऊन परत पॅरिसला येण्याच्या शर्यतींत या गृहस्थानें सुमारें पावणेबाराशें किलोमीटर अंतर जवळ जवळ एकट्यानें, सुमारें एकूणपन्नास तासांत तोडलें. दोन दिवस आणि दोन रात्री तो दांडा त्यानें किती वेळां ओढला असेल याची कल्पनाच करावी! पुढच्याच वर्षीं पॅरिस-मार्सेय शर्यतींत त्याला अपघात झाला आणि १८९७ सालीं तो वारला. परंतु त्याची ती पेटी, सुधारलेल्या रूपांत, पुढें अनेक पिढ्यांच्या चालकांच्या उजव्या हाताखालीं राहिली.

हातांतील हें काम कांहींसें हलकें करण्याचा पहिला खरा यशस्वी प्रयत्न इंग्लंडांत झाला. मेजर वॉल्टर गॉर्डन विल्सन हे नांव युद्धाच्या इतिहासांत रणगाड्याच्या जनकांपैकीं एक म्हणून येतें. त्यांना ग्रहमालेसारख्या रचनेच्या गियरचा छंद होता. मधल्या दंतचक्राभोवतीं लहान चक्रें फिरतात आणि सर्वांबाहेर दांतेरी कडें असतें. त्यांतील ज्या कड्याला पट्ट्यानें आवळून धरावें त्याप्रमाणें गतीचें प्रमाण बदलतें. दांते कधीं सुटावयाचे नाहींत कीं एकमेकांवर आपटावयाचे नाहींत. चालकानें पुढचा गियर कोणता हवा तें आधींच लहानशा दांड्यानें निवडून ठेवावयाचें, आणि वेळ आली कीं पायानें एक दाबा द्यावयाचा. वळणाच्या अलीकडे सरळ रस्त्यावर निवांतपणें निवड करून ठेवावी आणि वळणांत दोन्ही हात चाकावर ठेवावेत, ही सोय शर्यतवाल्यांना आवडली नसती तरच नवल. एम. जी. कंपनीच्या के-३ मॅग्नेट गाड्यांत ही पेटी होती. १९३३ सालीं अल्स्टरमधील टूरिस्ट ट्रॉफी शर्यत तात्सिओ नुव्होलारी या इटालियन वीरानें याच गाडीनें जिंकली. ई. आर. ए. या इंग्रजी शर्यती-मोटारींतहि हीच योजना असे, आणि सयामचा राजपुत्र बीरा यानें त्या गाड्यांवर युरोपांत चांगलें नांव मिळविलें. पेटी वजनदार होती, आणि घर्षणांत थोडी शक्ति गिळीत असे, हा तिचा दोष.

याच काळांत अमेरिकेंत एक निराळाच विचार पक्का होत होता. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन संशोधकानें १९०५ सालीं जहाजांच्या टर्बाइनसाठीं एक युक्ति शोधून काढली होती. दोन पंखे समोरासमोर एका बंद पात्रांत तेलांत बुडविलेले. एक इंजिनानें फिरवावयाचा, आणि त्यानें उडविलेल्या तेलाच्या प्रवाहानें दुसरा फिरावयाचा. दोहोंमध्यें धातूचा सांधा मुळींच नाहीं. मधें तिसरें, न फिरणारें पातें बसविलें तर चाकांना मिळणारा पीळ वाढतो. त्यालाच टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. १९४० सालच्या नमुन्याच्या ओल्ड्समोबील गाडींत जनरल मोटर्सनें हायड्रामॅटिक नांवाची आपोआप गियर बदलणारी पेटी दिली, तिच्यांत पीळ वाढविण्याची सोय नव्हती, केवळ तेलाचा सांधा होता. हीच पेटी महायुद्धांत अमेरिकन रणगाड्यांतून कसास लागली. १९४८ सालीं ब्यूइकच्या गाडींत खरा टॉर्क कन्व्हर्टर आला. युद्धानंतर अमेरिकेंतील गृहस्थ व गृहिणी डावा पाय मोकळा ठेवून मोटार हांकूं लागल्या.

शर्यतीच्या लोकांनीं मात्र या यंत्राकडे पाहून नाक मुरडलें. त्यांचा तिरस्कार अगदींच अकारण नव्हता. तेलाचा सांधा घसरतो. घसरण म्हणजे शक्तीचा नाश, आणि नष्ट झालेली शक्ति उष्णतेच्या रूपानें त्याच तेलांत सांठते. शिवाय गाडीचा वेग कमी करतांना इंजिनाचा जो अडथळा चाकांना मिळावयाचा, तो या सांध्यांतून नीट मिळत नाहीं. सगळा भार ब्रेकवर पडतो. या शास्त्रीय आक्षेपांच्या पाठीमागें एक भावनेचा आक्षेपहि दडलेला होता, आणि माझ्या मतें तो अधिक बळकट होता: ज्या कौशल्यावर आपण नांव कमावलें तें एखाद्या तेलाच्या डब्यानें करावें, हें कोणत्या कारागिराला रुचेल?

आतां, श्रोतेहो, या पेटीचा वाद क्षणभर बाजूला ठेवून शर्यत सुरूं कशी होते तें पाहूं. कारण दोन्ही गोष्टींची गांठ तेथेंच पडते. शर्यत सुरूं करण्याचे मुख्य प्रकार तीन. पहिला उभ्या सुरुवातीचा: गाड्या रांगेंत उभ्या, चालक आंत बसलेले, इशारा होतांच क्लच सोडावयाचा. येथें डाव्या पायाची सारी परीक्षा. लवकर सोडला तर चाकें जागच्या जागीं फिरतात किंवा इंजिन बंद पडतें, उशिरां सोडला तर क्लच जळतो.

दुसरा प्रकार फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांच्या शर्यतीचा. ती शर्यत १९२३ सालीं सुरूं झाली आणि १९२५ पासून तेथें एक नाटकी प्रथा पडली. गाड्या रस्त्याच्या एका कडेला तिरप्या उभ्या करावयाच्या, चालकांनीं समोरच्या कडेला उभें राहावयाचें, आणि निशाण पडतांच धांवत जाऊन, उडी मारून आंत बसून, इंजिन सुरूं करून निघावयाचें. प्रेक्षकांना हा देखावा फार प्रिय होता. स्टर्लिंग मॉस या इंग्रज चालकाची ती धांव प्रसिद्धच होती. १९५५ सालीं हुआन मॅन्युएल फांजिओ, जो त्या काळचा निःसंशय सर्वश्रेष्ठ चालक, मर्सिडीजमध्यें उडी मारून बसूं गेला तों गियरचा दांडा त्याच्या विजारीच्या पायांत शिरला! जगज्जेत्याचा पाय सुटेपर्यंत बाकीच्या गाड्या दूर निघून गेल्या. त्या गाडीला दांडा नसता तर, असा विनोद करण्याचा मोह होतो. परंतु त्याच दिवशीं संध्याकाळीं त्याच शर्यतींत त्याच संघाची दुसरी गाडी प्रेक्षकांत उडून ऐशींहून अधिक माणसें मेलीं, म्हणून तो मोह आवरलेला बरा.

तिसरा प्रकार धांवत्या सुरुवातीचा. १९११ सालीं अमेरिकेंत इंडियानापोलिस येथें पांचशें मैलांची पहिली शर्यत भरली तेव्हां चाळीस गाड्या एकाच वेळीं उभ्या जागेवरून सोडणें धोक्याचें वाटल्यामुळें मैदानाचे एक मालक कार्ल फिशर यांनीं स्वतः एक मोटार पुढें घेऊन साऱ्यांना रांगेंत एक फेरी फिरविलें, आणि रेषेजवळ येतांच ते बाजूला झाले. लग्नाच्या वरातीसारखी ही मिरवणूक चालते आणि निशाण हाललें कीं वरातीचें युद्ध होतें. या पद्धतींत क्लच सोडण्याचा प्रश्नच उरत नाहीं. गाडी आधींच चालती आहे. प्रश्न इतकाच कीं तिचें इंजिन त्या क्षणीं योग्य फेऱ्यांवर आहे कीं नाहीं.

साठाव्या दशकांत, सर्वांनीं नाक मुरडलेल्या त्या तेलाच्या डब्याला शर्यतींत मानाचें स्थान मिळवून देण्याचा खटाटोप केला तो टेक्सासमधील मिडलंड या तेलाच्या विहिरींच्या गांवच्या जिम हॉल यानें. हॉल हा कॅलिफोर्नियाच्या तंत्रविद्यालयांत यंत्रशास्त्र शिकलेला, घरचा सुखवस्तु, आणि स्वतः उत्तम चालक. हॅप शार्प या मित्रासह त्यानें शॅपरल नांवाच्या गाड्या बांधल्या. तिकडील माळरानांत पळणाऱ्या एका पक्ष्याचें हें नांव. गांवाबाहेर त्यांचा स्वतःचा शर्यतीचा मार्ग होता, रॅटलस्नेक रेसवे, म्हणजे सापांची शर्यतभूमीच म्हणा. जनरल मोटर्सनें १९६३ सालीं आपल्या कंपन्यांना शर्यतींत भाग घेण्यास मनाई केली होती, पण शेव्हरोले विभागांतील संशोधकांचें कुतूहल कोणी बंद करूं शकलें नाहीं. त्यांच्या प्रयोगांचीं फळें गुपचुप मिडलंडला पोंचत, आणि १९६४ सालीं शॅपरलमध्यें टॉर्क कन्व्हर्टर बसला.

या पेटीला वर्तमानपत्रांनीं सरसकट 'ऑटोमॅटिक' म्हटलें. तें अर्धसत्य होतें. गियर कोणता घ्यावयाचा हें चालकच ठरवी आणि दांडा तोच सरकवी. क्षणभर उजवा पाय सैल सोडला कीं दांते बसत. गेला होता तो केवळ क्लच. हॉलनें काढलेलें खरें सार मला असें दिसतें कीं, निर्णय मनुष्याकडे राहूं द्यावा, मजुरी यंत्रानें करावी. गियर थोडे होते, कारण मधलें अंतर तेलच भरून काढी. पायाखालीं क्लच नसल्यामुळें डावा पाय ब्रेकवर ठेवतां येई. उजवा पाय उचलून डावा दाबण्यांत जो वेळ जातो तो वांचे.

१९६५ सालीं फ्लॉरिडांतील सेब्रिंग येथील बारा तासांच्या शर्यतींत हॉल आणि शार्प यांनीं फोर्डच्या बलाढ्य पथकाला हरविलें. त्या दिवशीं असा मुसळधार पाऊस झाला कीं मार्गावरून पाणी वाहूं लागलें आणि गाड्या चालण्याच्या वेगानें रांगूं लागल्या. अशा निसरड्या जागीं तेलांतून येणारा मऊ पीळ चाकांना एकदम घसरूं देत नाहीं. विजयाचें सारें श्रेय मी त्या पेटीला देणार नाहीं, पण तिनें शत्रुत्व केलें नाहीं हें खास. १९६६ च्या जूनमध्यें जर्मनींतील न्यूर्बुर्गरिंगच्या डोंगरी मार्गावर, जेथें एका फेरींत बावीस किलोमीटरांहून अधिक अंतर आणि दीडशेंच्या वर वळणें आहेत, शॅपरलनें एक हजार किलोमीटरांची शर्यत जिंकली. चालक होते अमेरिकेचा फिल हिल, जो १९६१ सालचा जगज्जेता, आणि स्वीडनचा यो बोनिए. आपोआप गियर हे आळशी माणसाचें खेळणें असें म्हणणाऱ्यांना तेथें पहिल्यांदा गप्प बसावें लागलें.

त्याच वर्षीं कॅनडा व अमेरिका येथें कॅन-ऍम नांवाची शर्यतमाला निघाली. तींत धांवती सुरुवात असे. हॉलनें तिच्यासाठीं जी गाडी आणली तिच्या पाठीवर उंच खांबांवर एक आडवा पंख होता, विमानाच्या पंखाची उलटी प्रतिमा. वारा त्याला खालीं दाबी आणि मागचीं चाकें रस्त्यास चिकटत. परंतु सरळ मार्गावर हाच पंख वाऱ्याला अडवी. म्हणून सरळ मार्गावर तो सपाट करावयाचा आणि वळणांत पुन्हां तिरपा. हें कोण करणार? क्लचपासून मुक्त झालेला तो डावा पाय! त्यानें एक पायदान दाबलें कीं पंख सपाट, सोडलें कीं पुन्हां तिरपा. एका यंत्रानें मनुष्याचें एक काम हिरावून घेतलें तों त्या मनुष्यानें त्या मोकळ्या अवयवाला दुसरें, पूर्वीं कोणी न केलेलें काम लावून दिलें. आपोआप यंत्रें मनुष्याला निरुद्योगी करतात असा जो सर्वसाधारण समज आहे, त्याच्या विरुद्ध याहून सुंदर पुरावा मला ठाऊक नाहीं. लागुना सेका येथें १९६६ सालीं या गाड्या पहिल्या व दुसऱ्या आल्या: फिल हिल पहिला, स्वतः हॉल दुसरा.

१९६७ सालीं मात्र उष्णतेनें आपलें देणें वसूल केलें. सात लिटर इंजिनाची नवी शॅपरल युरोपांत जेथें जाई तेथें वेगानें सर्वांना दिपवी, आणि पुष्कळदां गियरच्या पेटीपाशीं थांबे. स्पा येथें, न्यूर्बुर्गरिंगला, ल माँला, रडगाणें एकच: पेटी. इतक्या दांडग्या इंजिनाचा जोर ती सोसूं शकत नव्हती. हातचे गियर तेव्हां अभेद्य होते असें मात्र कोणी समजूं नये. त्याच वर्षीं डेटोनाच्या चोवीस तासांत फोर्डच्या साऱ्या मोठ्या गाड्या गियरपेटींतील एका दांड्यापायीं लंगड्या झाल्या. पोलाद तापवून निवविण्याच्या क्रियेंत चूक राहिली होती. फेरारीच्या तीन गाड्या ओळीनें पहिल्या आल्या. शेवटीं जुलै १९६७ मध्यें इंग्लंडांत ब्रँड्स हॅच येथील सहा तासांच्या शर्यतींत शॅपरलची पेटी टिकली, आणि फिल हिल व माइक स्पेन्स जिंकले. फिल हिलची ती अखेरची शर्यत. स्पेन्स पुढच्या वर्षीं मे महिन्यांत इंडियानापोलिस येथें सरावांत मरण पावला. १९६८ पासून अशा गाड्यांच्या इंजिनांवर तीन लिटरांची मर्यादा आली आणि मोठ्या शॅपरलला युरोपचीं दारें बंद झालीं. हॉल स्वतः त्याच वर्षीं नोव्हेंबरांत लास व्हेगास येथें भयंकर अपघातांत सांपडला. पंखहि पुढें वर्ज्य ठरले. एका उद्योगी डोक्यांतून निघालेल्या तीन कल्पनांपैकीं एकीला पेटीच्या उष्णतेनें व दोहोंना नियमांनीं असें गांठलें.

आतां पुन्हां ल माँकडे वळूं. साठाव्या दशकांत गाड्यांचा वेग ताशी तीनशें किलोमीटरांच्या पुढें गेला होता आणि चालकांच्या अंगावर सुरक्षेचे पट्टे आले होते. पण पळत येऊन बसणारा माणूस पट्टे बांधीत बसला तर मागें राहतो. म्हणून कित्येकजण पट्टे न बांधतांच निघत आणि पहिल्या फेरींत सरळ मार्गावर एका हातानें ते बांधण्याचा प्रयत्न करीत. १९६९ सालीं बेल्जियमचा तरुण चालक जॅकी इक्स यानें याचा निषेध केला तो एकाहि शब्दाविना. निशाण पडलें, सर्वजण धांवत सुटले, आणि इक्स मात्र संथपणें चालत गेला, बसला, पट्टे बांधले, आणि सर्वांच्या शेवटीं निघाला. पहिल्याच फेरींत इंग्रज चालक जॉन वुल्फ यांची पोर्श ९१७ आपटली आणि ते ठार झाले. त्यांचे पट्टे बांधलेले नव्हते असें सांगतात. जळती पेट्रोलची टांकी मागच्या गाडीला लागून तीहि शर्यतींतून गेली. चोवीस तासांनंतर इक्स आणि त्याचा जोडीदार जॅकी ऑलिव्हर हे दुसऱ्या क्रमांकाच्या गाडीच्या केवळ थोड्याशा अंतरानें पुढें राहून पहिले आले. ज्यानें धांवण्याचें नाकारलें तोच जिंकला, आणि त्याच्या त्या पायीं चालण्यानें पंचेचाळीस वर्षांची प्रथा मोडली. १९७० सालीं चालकांना आधींच बसवून, पट्टे बांधून, तिरप्या रांगेंतूनच सोडलें. १९७१ सालापासून ल माँनें धांवती सुरुवात स्वीकारली. त्या वर्षीं हेल्मूट मार्को आणि ख्हीस व्हान लेन्नेप यांनीं पोर्श ९१७ मधून पांच हजार तीनशें पस्तीस किलोमीटर अंतर तोडलें. तो विक्रम २०१० पर्यंत टिकला. आणि ती गाडी हातच्या गियरची होती.

येथें कोणासहि प्रश्न पडेल: धांवत्या सुरुवातींत आपोआप गियरला कांहीं फायदा असतो काय? शास्त्रानें पाहतां उत्तर असें. वरातीचा वेग साधारण दुसऱ्या गियरला शोभेल इतका असतो. सर्वांत पुढची गाडी केव्हां जोर लावावयाचा तें ठरविते. मागच्यांना त्या क्षणाची वाट पाहावी लागते. हातच्या गियरवाल्यानें योग्य गियर धरला असेल तर त्याचा सांधा पोलादाचा आहे, मधें घसरण नाहीं. पाय दाबतांच गाडी झेपावते. परंतु पुढच्यानें कपटानें वेग आणखी उतरविला, तर याचें इंजिन गुदमरण्याच्या बेताला येतें आणि निशाण नेमकें तेव्हांच हालतें. तेलाच्या सांध्याची गाडी येथें तरते. तेल घसरतें, इंजिन आपल्या जोराच्या फेऱ्यांवर चढतें, आणि पीळहि वाढतो. म्हणजे पोलाद निर्णायक वेळीं चपळ, तेल निर्णयांतील चुकीबद्दल क्षमाशील. एका सुरुवातीपुरता हिशेब केला तर पारडें फारसें कोणाकडे झुकत नाहीं; चांगल्या चालकाचा डोळा पोलादाच्या बाजूनें उभा राहतो. उभ्या सुरुवातींत जेथें क्लच जाळणें वा न जाळणें यावर शर्यत ठरे, तेथें आपोआप यंत्राचा जो मोठा लाभ झाला असता, तो धांवत्या सुरुवातीनें नाहींसाच केला. तरीहि पुढें यंत्रच जिंकलें. त्याचें कारण सुरुवातींत नाहीं, मध्यरात्रीनंतरच्या थकव्यांत आहे.

चोवीस तासांत हजारों वेळां गियर बदलावा लागतो. पहांटे तीनच्या सुमारास, डोळे जड झालेले, तळहाताची कातडी सोललेली, अशा वेळीं चौथ्या गियरऐवजीं दांडा दुसऱ्यांत गेला, तर इंजिन सोसण्यापलीकडे फिरतें आणि एका क्षणांत कोट्यवधींचा उद्योग संपतो. पोर्श कारखान्यानें ऐंशीच्या दशकांत याच्यावर तोड काढली. तिची मूळ कल्पना आदोल्फ केग्रेस या फ्रेंच संशोधकाची. हा गृहस्थ एके काळीं रशियाच्या झारच्या मोटारींचा व्यवस्थापक होता, आणि महायुद्धाच्या आगेमागें त्यानें दोन क्लचांची पेटी सुचविली होती. एक क्लच विषम गियरांचा, दुसरा सम गियरांचा. तिसरा गियर चालूं असतां चौथा आधींच जुळवून ठेवलेला असतो. एक क्लच सुटतो त्याच क्षणीं दुसरा पकडतो, आणि चाकांकडे जाणारा प्रवाह तुटत नाहीं. विल्सनसाहेबांच्या पूर्वनिवडीचीच ही नात म्हणावयास हरकत नाहीं. पोर्श ९५६ व ९६२ या शर्यती-गाड्यांत ती तपासली गेली. जड होती, आरंभीं नाजूकहि होती. पण १९८६ सालीं मोंझा येथें हान्स-योआखिम श्टुक आणि डेरेक बेल यांनीं जागतिक शर्यतमालेंतील तिचा पहिला विजय मिळविला. तीन वर्षांनीं, १९८९ सालीं, ब्राझीलमध्यें निराळ्या वर्गाच्या, एकासनी गाड्यांच्या शर्यतींत फेरारीनें चाकामागील पात्यांवर बोट दाबून गियर बदलण्याची योजना आणली. नायजेल मॅन्सेल तींत पहिल्याच शर्यतींत जिंकला. गाडी अर्ध्या वाटेवर मोडणार या खात्रीनें त्यानें परतीचें विमान लवकरचें ठरविलें होतें, असें त्यानेंच पुढें सांगितलें.

दांडा गेला, आणि त्याबरोबर चुकीच्या गियरची भीतिहि गेली; विद्युत्-मेंदु तसा हुकूम मानीतच नाहीं. तथापि शर्यतीच्या नियामकांनीं एका ठिकाणीं रेघ ओढली. विल्यम्स पथकानें १९९३ सालीं पट्ट्यावर चालणारी, मुळीं गियरच नसलेली पेटी चांचणींत चालवून पाहिली, आणि १९९४ च्या नियमांनीं तिला शर्यतीचें दार दाखविण्यापूर्वींच बंद केलें. गियर केव्हां बदलावा हें चालकानेंच ठरविलें पाहिजे, हा आग्रह बहुतेक मोठ्या शर्यतमालांनीं धरला आहे. जिम हॉलनें मिडलंडच्या माळावर जी विभागणी केली होती, निर्णय मनुष्याचा आणि मजुरी यंत्राची, जवळ जवळ तिच्याशींच जग घुटमळून परत आलें. आजच्या जी. टी. वर्गाच्या गाड्यांत क्लचचें काम उरलें आहे तें इंधन घेऊन थांब्यावरून निघतांना. रेषेवरील धांवत्या सुरुवातीशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं.

रस्त्यावरील गिऱ्हाईकांनीं मात्र वेगळाच कौल दिला. २०१३ सालीं पोर्शनें आपली ९११ जी. टी. ३ ही शर्यतीच्या वळणाची गाडी केवळ दोन क्लचांच्या आपोआप पेटीसह विकावयास काढली; ती घड्याळानें अधिक वेगवान होती यांत शंका नव्हती. तरी ग्राहकांनीं तक्रारींचा गहजब केला. २०१६ सालीं कारखान्यानें हातच्या गियरची ९११ आर. ही गाडी काढली, फक्त नऊशें एक्याण्णव. त्यांना उड्या पडल्या आणि कांहीं मूळ किंमतीहून कितीतरी अधिक भावानें पुढें विकल्या गेल्या. २०१७ सालीं जी. टी. ३ मध्येंहि हातचा गियर परत आला. जो दांडा शर्यतीच्या मैदानावर कोणीहि चालक आतां मागत नाहीं, तो शहरांतील लोक सुटीच्या दिवशीं हौसेनें ओढतात. आणि मिडलंड येथील पेट्रोलियम वस्तुसंग्रहालयांत जुन्या पांढऱ्या शॅपरल गाड्या एका स्वतंत्र दालनांत उभ्या आहेत. पाहुण्यांनीं वांकून आंत डोकावलें तर पायाशीं पंखाचें तें डाव्या पायाचें पायदान अजून दिसतें.